सायकल शर्यत बघायला शिकताना: आधी माणसं, मग आकडे

जुलैमध्ये रात्रीची जेवणं उरकून टूर डी फ्रान्स लावली की नव्या प्रेक्षकाची पाच मिनिटांत पंचाईत होते. दीड-पावणेदोनशे सायकलस्वार एका घोळक्यात चाललेले असतात. चौघं जण केव्हाच पुढे निघून गेलेत, पण त्यांना गाठायची मागे कुणाला घाई दिसत नाही. पिवळी जर्सी घातलेला, म्हणजे शर्यतीत पहिला असलेला गडी घोळक्याच्या मधोमध निवांत. समालोचक मिनिटं आणि सेकंद सांगत सुटतो. बहुतेक लोक इथेच कंटाळून चॅनेल बदलतात आणि मला दर वेळी वाईट वाटतं. इतकी माणसं, इतका त्याग आणि इतकी जुनी वैरं एकाच रस्त्यावर फार थोड्या खेळांत बघायला मिळतात.

म्हणून हा लेख. नियम पाठ करत बसू नका. कोण कुणासाठी राबतोय, कुणाचं कुणाशी जुनं आहे, कोण किती वर्षं हरत आलाय, एवढं धरून बघायला लागा. नियम त्यातूनच कळत जातात.

१. सगळ्यात आधी वारा

सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या चाकामागे चाक लावून चाललं की त्यातली बरीच वाचते, आणि मोठ्या घोळक्याच्या पोटात असलात तर फारच वाचते. या घोळक्याला पेलोटॉन म्हणतात. पिवळी जर्सीवाला मध्ये निवांत का, याचं उत्तर हेच. हवा त्याची माणसं कापतात, तो ताकद राखून ठेवतो.

पुढे पळालेल्या चौघांना हवा आपापसांतच वाटून घ्यावी लागते. मागे शंभरावर माणसं आळीपाळीने पुढे येऊ शकतात. म्हणून पेलोटॉनला घाई नसते. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांचा एक ठोकताळा अजून वापरला जातो: घोळक्याने मनावर घेतलं तर दर दहा किलोमीटरला साधारण एक मिनिट भरून निघतं. पडद्यावर ‘३० किलोमीटर बाकी, फरक २ मिनिटं’ दिसलं की पळालेले बहुतेक सापडणार. तेवढ्याच अंतराला चार मिनिटं असतील तर सावरून बसा.

चढावर वेग उतरतो, वाऱ्याचा फायदाही उतरतो, आणि प्रत्येकाला आपल्याच पायांवर आणि छातीवर चढावं लागतं. तीन आठवड्यांच्या शर्यती घाटांत ठरतात त्या यामुळे.

हा हिशेब चुकला तर काय होतं, ते टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी महिलांच्या शर्यतीत दिसलं. ऑस्ट्रियाची आना कीसेनहोफर ही गणितात पीएच.डी. केलेली संशोधक, त्या वेळी तिच्याकडे कुठल्याही व्यावसायिक टीमचा करार नव्हता. शर्यत १३७ किलोमीटरची, आणि ती सुरुवातीचा झेंडा पडताच पळाली. सोबतच्या एकेक जणी गळत गेल्या, शेवटचे चाळीसेक किलोमीटर ती एकटी होती. ऑलिंपिकमध्ये स्वारांच्या कानात रेडिओ नसतो. मागच्या घोळक्याने पळालेल्या बाकीच्या दोघींना गाठलं आणि बऱ्याच जणींना वाटलं की आता पुढे कुणीच नाही. नेदरलँड्सची आनेमीक व्हान फ्ल्यूटन रेषेवर हात उंचावत आली. कीसेनहोफर तिच्या ७५ सेकंद आधीच सुवर्णपदक जिंकून बसली होती. पहिली शर्यत म्हणून काय बघू, असं कुणी विचारलं तर मी हीच सुचवतो.

२. एक टीम निवडा आणि तिच्यातले राबणारे ओळखा

टूरमध्ये प्रत्येक टीमचे आठ जण असतात. त्यातला एखादा लीडर, बाकीचे त्याच्यासाठी. पाण्याच्या बाटल्या मागच्या गाडीतून आणायच्या, जर्सीत कोंबून पुढे न्यायच्या, लीडरला वाऱ्यातून वाचवायचं, त्याचं पंक्चर झालं तर आपलं चाक द्यायचं. यांना डोमेस्टिक म्हणतात. यांची नावं निकालात वरती सापडत नाहीत, पण शर्यत त्यांच्याच जिवावर चालते. पहिले काही दिवस लीडरकडे बघूच नका, यांच्याकडे बघा.

१९३४ मध्ये फ्रान्सच्या टीममध्ये रने व्हिएत्तो नावाचा विशीतला पोरगा होता. घाट चढण्यात त्याच्या तोडीचे फार थोडे. पिरेनीज पर्वतात त्याच्या टीमचा लीडर आंतोनँ मान्य याच्या सायकलचं नुकसान झालं आणि व्हिएत्तोने आपलं चाक काढून दिलं. मदतीची गाडी येईपर्यंत तो रस्त्याकडेच्या कठड्यावर रडत बसून राहिला. तो फोटो फ्रान्समध्ये आजही ओळखला जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मान्य मागे अडकल्याचं कळल्यावर व्हिएत्तो पुढे गेलेला असूनही घाटात उलटा फिरला आणि त्याला मदत करायला परत गेला. टूर मान्यने जिंकली. व्हिएत्तो पाचवा आला आणि पुढेही कधी टूर जिंकू शकला नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू २०२३ मध्ये दिसली. अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा सेप कुस हा त्या वर्षी प्रिमोझ रोग्लिचसाठी जिरो डी इटालियात राबला, योनास विंगेगोरसाठी टूरमध्ये राबला, दोघंही जिंकले. मग तिघं मिळून स्पेनच्या व्हुएल्टाला गेले आणि सुरुवातीच्या एका टप्प्यात पुढे निघून गेल्यामुळे तिथली पहिल्याची लाल जर्सी कुसच्या अंगावर आली. तो ती सोडेना. सतराव्या टप्प्यात आंग्लिरू नावाच्या भयंकर घाटात त्याचेच दोन्ही लीडर त्याला मागे टाकून वर निघून गेले. दुसऱ्या टीमच्या मिकेल लांडाच्या चाकामागे कुस कसाबसा चढत होता; वर पोहोचला तेव्हा आघाडी उरली होती आठ सेकंदांची. त्यानंतर टीमने ठरवलं की आता कुससाठी राबायचं. कुस पहिला, विंगेगोर दुसरा, रोग्लिच तिसरा. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना जिंकवणाऱ्या माणसासाठी दोन विजेते शेवटी कामाला लागले. आंग्लिरूचा तो अर्धा तास बघा आणि मग सांगा या खेळात नाट्य नसतं म्हणून.

३. जर्सी आणि घड्याळ

मोठ्या शर्यती तीन: फ्रान्सची टूर, १९०३ पासून; इटलीची जिरो, १९०९ पासून; स्पेनची व्हुएल्टा, १९३५ पासून. प्रत्येकीत २१ टप्पे. रोजच्या टप्प्याचा विजेता वेगळा आणि सगळ्या टप्प्यांची वेळ मिळवून सगळ्यात कमी वेळ लागलेला, तो एकूण विजेता. एकही टप्पा न जिंकता टूर जिंकता येते.

टूर ‘ल ऑतो’ या वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठी सुरू केली. ते पिवळ्या कागदावर छापलं जाई, म्हणून जर्सी पिवळी. जिरोमागे ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’, त्याचा कागद गुलाबी. टूरमध्ये हिरवी जर्सी गुणांची, ती बहुधा शेवटच्या धावेत वेगवान असणाऱ्यांकडे जाते. लाल ठिपक्यांची घाटांच्या राजाला आणि पांढरी तरुणांतल्या पहिल्याला. तूर्त एवढं पुरे.

पिवळी जर्सी इतिहासात सगळ्यात आधी, १९१९ मध्ये, ज्याच्या अंगावर चढली त्या एउजेन क्रिस्तोफची गोष्ट मात्र थांबून वाचा. १९१३ मध्ये तूरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. एकूण शर्यत जिंकण्याची संधी होती. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाचीही मदत घ्यायची नाही. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरहून जास्त चालत सांत-मारी-द-कांपां या गावी उतरला. तिथे लोहाराची भट्टी होती. स्पर्धेचे अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते आणि क्रिस्तोफ लोखंड तापवून, ठोकून चिमटा जोडत होता. एक हात कामाला, दुसरा सायकल धरायला, मग भाता कोण मारणार? भट्टीवरच्या पोराने मारला. मदत घेतली म्हणून त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. तोवर तासन्‌तास गेलेच होते. सहा वर्षांनी, महायुद्ध संपल्यावर, तो पिवळी जर्सी घालून शेवटाकडे आला आणि पुन्हा चिमटा मोडला. पुन्हा भट्टी शोधावी लागली, टूर फिर्मँ लांबोने जिंकली. पिवळी जर्सी घालणारा पहिला माणूस टूर एकदाही जिंकला नाही. त्या गावात त्याच्या नावाची पाटी आहे आणि आजही सायकलवाले तिथे थांबतात.

घड्याळाचं महत्त्व कळायला १९८९ ची टूर पुरेशी आहे. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. म्हणजे प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाविरुद्ध जायचं. फ्रान्सचा लोरां फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड दोन वर्षांपूर्वी शिकारीच्या अपघातात बंदुकीचे छर्रे लागून मरता मरता वाचलेला. लेमाँडने हात पुढे टेकवायचं नवं हँडल लावलं होतं आणि निमुळतं हेल्मेट घातलं होतं. फिन्याँ डोक्यावर काही न घालता, केसांची शेपटी उडवत आला. सव्वातीन हजार किलोमीटर झाल्यावर फरक पडला आठ सेकंदांचा, लेमाँडच्या बाजूने. दोन वेळा टूर जिंकलेल्या फिन्याँला लोक आयुष्यभर त्या आठ सेकंदांबद्दलच विचारत राहिले.

४. आपला स्वार निवडा, पण पहिला नको

सध्या सगळ्यात मोठं नाव स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार. २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ च्या टूर त्याच्या. २०२४ मध्ये जिरो, टूर आणि जागतिक अजिंक्यपद, तिन्ही एकाच वर्षात. हे त्याच्याआधी फक्त एडी मर्क्स आणि स्टीफन रोश यांना जमलं होतं. तो दिसेलच, शोधावा लागत नाही. तुम्ही दुसरा कुणीतरी धरा.

रोग्लिच धरा, असं मी सांगेन. हा गडी मुळात स्की जंपिंग करणारा. ज्युनियर गटात सांघिक जगज्जेता होता. सायकलीवर उशिरा आला. २०२० च्या टूरमध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी तो ५७ सेकंदांनी पुढे होता आणि समोर देशबांधव पोगाचार, ज्याचा बाविसावा वाढदिवस तोंडावर आलेला. ला प्लांश दे बेल फीय या डोंगरावर संपणाऱ्या टाइम ट्रायलमध्ये रोग्लिचचं हेल्मेट डोक्यावर तिरकं झालं, चेहरा पांढरा पडला आणि सगळी आघाडी वाहून गेली. तो जमिनीवर बसून राहिला. मग उठला आणि पोगाचारला मिठी मारायला गेला. पंधरा दिवसांनी तो लिएज-बास्तोन-लिएज ही जुनी शर्यत जिंकला. शेवटच्या मीटरला ज्युलियन आलाफिलीपने आधीच हात वर केले आणि रोग्लिचने चाक पुढे घातलं. टूर त्याला मिळाली नाही, पण व्हुएल्टा चारदा, जिरो एकदा आणि टोकियोत टाइम ट्रायलचं सुवर्ण. अशा माणसाच्या मागे लागलात की दर वर्षी बघायला कारण उरतं.

किंवा बिनियम गिर्माय घ्या. एरिट्रिया हा सायकलवेडा देश. गिर्माय २०२४ मध्ये टूरचे तीन टप्पे आणि हिरवी जर्सी घेऊन घरी गेला. टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी. त्याआधी २०२२ मध्ये जिरोचा टप्पा जिंकल्यावर व्यासपीठावर बाटलीचं बूच उडून त्याच्या डोळ्याला लागलं आणि शर्यत सोडावी लागली होती.

महिलांच्या शर्यतींतूनही एक नाव धराच. टूर डी फ्रान्स फाम २०२२ पासून सुरू आहे आणि २०२४ मध्ये पोलंडची काशा न्येव्याडोमा ती फक्त चार सेकंदांनी जिंकली. ज्यांना वेळ कमी आहे त्यांना माझा सल्ला: तीन आठवडे जमत नसतील तर ही बघा. दिवस कमी, कंटाळवाणे टप्पे जवळपास नाहीत.

५. जुनी वैरं माहीत करून घ्या

आंकतील आणि पुलिदोर यांच्यापासून सुरुवात करा. जाक आंकतील टूर पाच वेळा जिंकणारा पहिला माणूस. थंड, हिशेबी, घड्याळाचा पक्का. रेमों पुलिदोर शेतकऱ्याच्या घरचा. १२ जुलै १९६४ रोजी प्वी द दोम या ज्वालामुखीच्या चढावर दोघं अक्षरशः खांद्याला खांदा, कोपराला कोपर घासत चढले. आंकतीलने मागे न राहता शेजारी राहायचं ठरवलं, म्हणजे पुलिदोरला तो दमलाय हे कळू नये. शेवटच्या किलोमीटरला तो तुटला, पण पिवळी जर्सी १४ सेकंदांनी वाचली. पॅरिसला आंकतील ५५ सेकंदांनी जिंकला.

पुलिदोर आठ वेळा टूरच्या पहिल्या तिघांत आला. पिवळी जर्सी एक दिवसही त्याच्या अंगावर चढली नाही. तरी फ्रान्सने जीव लावला तो त्यालाच. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो गेला. त्याचा नातू मातिउ व्हान डर पूल २०२१ मध्ये पहिल्यांदा टूरला आला, दुसऱ्याच दिवशी म्यूर-द-ब्रतान्यचा चढ जिंकला, आभाळाकडे बोट केलं आणि आजोबांना न मिळालेली जर्सी घालून रडला. हे माहीत नसेल तर तो नुसता एक टप्पा. माहीत असेल तर आपलाही घसा दाटतो.

इटलीत जीनो बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी यांनी देशाचे दोन तट पाडले होते. बार्तालीने टूर १९३८ आणि १९४८ मध्ये जिंकली. मधली वर्षं युद्धाने खाल्ली. त्या वर्षांत त्याने सरावाच्या बहाण्याने सायकलच्या नळीत बनावट ओळखपत्रं लपवून ज्यूंना वाचवण्यासाठी पोहोचवली आणि हयातीत त्याचा गाजावाजा केला नाही. आजच्या पोगाचार-विंगेगोर जोडीबद्दल एवढंच: २०२२ मध्ये उतारावर पोगाचार पडला तेव्हा पिवळ्या जर्सीतला विंगेगोर त्याच्यासाठी थांबला. पोगाचारने गाठल्यावर हात पुढे केला.

६. काळं प्रकरण वगळू नका

उत्तेजकांचा विषय कुणीतरी तुमच्यासमोर काढणारच, तेव्हा नीट माहीत असू द्या. १९६७ मध्ये ब्रिटनचा टॉम सिम्पसन मों व्हांतू डोंगरावर चढता चढता कोसळून गेला. त्याच्या शरीरात अँफेटामाइन सापडलं. १९९८ मध्ये फेस्तिना टीमची औषधांनी भरलेली गाडी सीमेवर पकडली गेली. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेण्यात आली आणि त्या सात वर्षांपुढे विजेत्याची जागा आज रिकामी आहे. इटलीचा मार्को पांतानी १९९८ मध्ये जिरो आणि टूर दोन्ही जिंकला, पुढच्या वर्षी रक्तचाचणीवरून जिरोतून बाहेर काढला गेला, आणि २००४ मध्ये एका हॉटेलच्या खोलीत एकटा मेला. ३४ वर्षांचा होता. या लोकांची नावं घेताना मला आजही राग आणि कळवळा दोन्ही वाटतं. शंका घेणं या खेळाच्या प्रेक्षकाचं कामच आहे, ती सोडू नका.

७. एप्रिलमधला एक रविवार राखून ठेवा

तीन आठवडे झेपत नसतील तर पॅरिस-रुबे बघा. १८९६ पासूनची शर्यत. साधारण २६० किलोमीटर, त्यातले पन्नासहून जास्त दगड बसवलेल्या रस्त्यांवर. सायकली मोडतात, हातांची सालटी निघतात, विजेत्याला बक्षीस म्हणून मिळतो त्यातलाच एक दगड. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेमन, वय ३७, साऱ्या कारकिर्दीत दुसऱ्यांसाठी राबलेला, सहा आठवड्यांपूर्वी हात मोडून घरातच एका जागी उभ्या सायकलवर सराव केलेला, पंधराव्या प्रयत्नात ही शर्यत जिंकला. पाचव्या विजयासाठी आलेल्या टॉम बोनेनला त्याने शेवटच्या धावेत हरवलं. रेषा ओलांडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आनंदाआधी अविश्वास दिसतो.

८. बघायचं कसं

उन्हाळ्यात फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. टूरचा टप्पा तिथे साडेपाचच्या सुमारास संपतो, म्हणजे आपल्याकडे नऊ वाजता. अख्खा टप्पा बघायची गरज नाही. सकाळी नकाशा बघून घ्या. शेवट सपाट असेल तर शेवटचे २० किलोमीटर, म्हणजे साडेआठला बसलात तरी चालेल. शेवट घाटात असेल तर साडेसातपासून बसा. पडद्यावर तीनच गोष्टी शोधा: किती किलोमीटर बाकी, पळालेल्यांची आघाडी किती, आणि पेलोटॉनच्या तोंडाशी कुठल्या टीमची जर्सी आहे. जी टीम पुढे ओढतेय तिलाच आज काहीतरी हवंय. ती का ओढतेय, याचा अंदाज बांधायला लागलात की समजा खेळ कळायला लागला.

आणि संधी मिळाली तर रस्त्यावर उभं राहून बघा. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय दर्जाची अनेक दिवसांची शर्यत आपल्याच रस्त्यांवरून गेली, तेव्हा ही गोष्ट आता फ्रान्सच्या तिकिटावर अडलेली नाही. जागा सपाट रस्त्यावर घेऊ नका. तिथे सगळा घोळका सात-आठ सेकंदांत निघून जातो. चढावर थांबा, चेहरे दिसतात, धापा ऐकू येतात. लहान मुलांचा हात धरून ठेवा. कुत्रं घरी ठेवा. फोटोसाठी रस्त्यात वाकू नका: २०२१ च्या टूरमध्ये पहिल्याच दिवशी एका बाईने कॅमेऱ्याकडे बघत पुठ्ठ्याची पाटी रस्त्यात धरली, टोनी मार्टिन तिला धडकला आणि मागचा निम्मा पेलोटॉन रस्त्यावर आडवा झाला. पुढचे निघून गेले म्हणून परतू नका. पंधरा-वीस मिनिटांनी मागे पडलेल्यांचा घोळका येतो, त्यात बाटल्या वाहणारे असतात, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा. सगळ्यात शेवटी, शर्यत सोडलेल्यांना उचलणारी गाडी येते. ती गेल्याशिवाय रस्ता ओलांडू नका.